दातांचा क्ष-किरण फोटो : काळे ते सारेच कीड नव्हे

आज मी तुमच्याशी जबड्याविषयी बोलणार आहे. आरशात दिसतो त्या जबड्याविषयी नव्हे. क्ष-किरणांच्या फोटोत, म्हणजे आपण सगळे सरसकट ज्याला एक्स-रे म्हणतो त्यात, जो दिसतो त्या जबड्याविषयी. हल्ली तालुक्याच्या गावीदेखील दातांच्या दवाखान्यात असा फोटो निघतो. कुठे काडेपेटीपेक्षा थोडी लहान अशी काळी फिल्म हातात मिळते, कुठे संगणकाच्या पडद्यावर चित्र दाखवतात, तर कुठे ते सरळ मोबाईलवरच पाठवून देतात.

मग घरी काय होते, ते तुम्हांला ठाऊकच आहे. फिल्म उजेडाकडे धरली जाते. शेजारीपाजारी जमतात. कोणी एखाद्या काळ्या ठिपक्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, "हे बघा, इथं कीड आहे. हाड आतून पोखरलंय." झाले! त्या रात्री घरात कोणाला झोप नाही. सकाळी उठून माणूस दवाखाना गाठतो आणि म्हणतो, "डॉक्टर, ती दाढ एकदाची काढूनच टाका." आणि गंमत अशी, की पुष्कळदा ती दाढ अगदी ठणठणीत असते. तो काळा ठिपका म्हणजे हाडात निसर्गानेच ठेवलेले एक छिद्र असते.

कायमचा दात माणसाला आयुष्यात एकदाच येतो. तो काढला की गेला. म्हणून रोग कसा दिसतो हे शिकण्याआधी निरोगी जबडा कसा दिसतो हे ओळखता आले पाहिजे. आपल्या शेतातले चांगले पीक ज्याने नीट पाहिले आहे, त्यालाच रोगट पान चटकन कळते. फोटोचेही तसेच आहे. तुम्ही डॉक्टर व्हावे असा माझा आग्रह नाही. पण जो फोटो आपल्याच जबड्याचा आहे, तो थोडा तरी वाचता यावा, आणि डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारता यावा, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू.

आधी हा फोटो होतो कसा ते पाहू. 1895 साली जर्मनीत वुर्झबर्ग येथे राँटगेन या शास्त्रज्ञाला हे किरण सापडले. त्यानंतर काही आठवड्यांतच, 1896 च्या जानेवारीत, ऑटो वॉल्कहॉफ नावाच्या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्याच दातांचा फोटो काढवून घेतला. काळ्या कागदात गुंडाळलेली काचेची पट्टी तोंडात धरून तो 25 मिनिटे न हलता पडून राहिला होता! आज तेच काम एका सेकंदाच्याही लहानशा भागात होते. पण तत्त्व तेच आहे. किरण गालातून आत शिरतात, दातांतून आणि हाडातून पार होतात आणि पलीकडच्या फिल्मवर पडतात.

आता नीट ध्यान द्या. उन्हात उभे राहिले की आपली सावली काळी पडते. या फोटोत त्याच्या उलट होते. जिथे किरण अडले तिथे फिल्म पांढरी राहते. जिथून ते सुखरूप पार झाले तिथे ती काळी पडते. म्हणजे पांढरे ते घट्ट, काळे ते पोकळ किंवा मऊ. इथे काळे याचा अर्थ 'वाईट' असा नाही. काळे म्हणजे फक्त 'इथे किरणांना वाट मिळाली'. वाट कीड लागूनही होते, आणि निसर्गाने ठेवली म्हणूनही असते.

दुसरी गोष्ट अशी, की फोटो ही अखेर सावली आहे. मागचे आणि पुढचे सारे एकाच पातळीवर येऊन बसते. शिक्षक बंधुभगिनींनो, हे वर्गात सहज दाखवता येईल. भिंतीपुढे एक काठी उभी धरा, आणि तिच्यापुढे वीतभर अंतरावर दुसरी. समोरून बॅटरीचा उजेड टाका. भिंतीवर एकच सावली दिसेल. आता बॅटरी बाजूला सरकवा. एका सावलीच्या दोन होतील. काठ्या एकमेकींना चिकटलेल्या नव्हत्याच. उजेडाने त्या तशा भासवल्या. हा प्रयोग लक्षात ठेवा, पुढे तो आपल्या कामी येणार आहे.

आता फोटो हातात घेऊ. फिल्मच्या एका कोपऱ्याला बोटाला लागेल असा बारीक उंचवटा असतो. तो फुगीर बाजूने आपल्याकडे येईल असे धरले, म्हणजे आपण त्या माणसासमोर बसून त्याच्या तोंडाकडे पाहत आहोत असे समजावे. त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. वरचे दात असतील तर मुळे वर, खालचे असतील तर मुळे खाली.

एक दात निवडा आणि बाहेरून आत चला. माथ्यावर सर्वांत पांढरी शुभ्र टोपी दिसते, ते एनॅमल. वजनाने त्याचा शंभरातला सुमारे 96 भाग खनिज असतो. आपल्या शरीरात याहून कठीण काही नाही. (चांदीचे सिमेंट भरलेले असेल, तर ते मात्र याहूनही पांढरे दिसेल, ते धातूचे आहे.) टोपीच्या आत थोडा मळकट पांढरा भाग, ते डेंटीन, दाताचा बहुतेक भाग याचाच बनलेला असतो. आणि अगदी मध्यभागी एक काळा कप्पा, त्यातून मुळाच्या टोकाकडे जाणारी काळी रेघ. इथेच पहिला माणूस दचकतो. "दात आतून पोकळ झालाय की काय?" नाही हो. तो दाताचा गाभा आहे. दाताची शीर आणि रक्तवाहिन्या तिथे राहतात. तो मऊ आहे, म्हणून काळा दिसतो. लहान वयात तो रुंद असतो आणि वय वाढेल तसा अरुंद होत जातो.

दाताच्या मानेजवळ, म्हणजे टोपी संपते आणि हाड सुरू व्हायचे असते त्या अरुंद पट्ट्यात, दोन्ही कडांना कधी कधी काळसर छटा येते. तिथे वर एनॅमल नाही आणि खाली हाड नाही, म्हणून किरण जास्त पार होतात. तीही कीड वाटते. पण अशी छटा फिकट आणि धूसर असते, आणि वेगळ्या कोनातून दुसरा फोटो काढला की बहुधा नाहीशी होते. खरी कीड कोनाप्रमाणे नाहीशी होत नाही. शिवाय डॉक्टरांच्या सळईला ती तिथे लागते.

आता मुळाभोवती पाहा. मुळाला लागून केसाएवढी एक काळी रेघ आणि तिच्या बाहेर तशीच एक बारीक पांढरी रेघ. या दोन रेघा म्हणजे आजच्या बोलण्याचा कणा समजा. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. तो बारीक तंतूंच्या अस्तरावर टांगलेला असतो. त्यामुळेच चावताना दाताला किंचित लवचीकपणा मिळतो. हे अस्तर म्हणजे ती काळी रेघ. त्याची जाडी अर्ध्या मिलीमीटरहूनही कमी असते. आणि दात ज्या खोबणीत बसतो त्या खोबणीची घट्ट भिंत म्हणजे ती पांढरी रेघ. दोन्ही रेघा मुळाच्या एका बाजूने खाली उतरून, टोकाला वळसा घालून, दुसऱ्या बाजूने अखंड वर आलेल्या दिसल्या, तर ती चांगली खूण. बांध शाबूत आहे, असे समजा.

दोन दातांच्या मध्ये हाडाची टोके वर आलेली दिसतात. निरोगी जबड्यात ती दाताच्या मानेपासून साधारण एकदोन मिलीमीटर अलीकडे थांबतात. तिथून फार खाली उतरली असतील, तर हिरड्यांच्या दुखण्याने हाड झिजले आहे. मिश्री आणि तंबाखू यांचा या झिजेला मोठा हातभार लागतो, हे इथे सांगितलेच पाहिजे. हाडाच्या आतला भाग एकसारखा पांढरा नसतो. त्यात जाळी दिसते. वरच्या जबड्यात ती बारीक चाळणीसारखी, खालच्या जबड्यात विरळ आणि पुष्कळदा आडव्या पायऱ्यांसारखी. जाळीतली भोके काळी असणारच. तीही कीड नव्हे.

आता खालच्या जबड्याकडे वळू. दाढांच्या मुळांच्या खाली पाटाच्या कालव्यासारखा एक काळसर पट्टा जातो, आणि त्याच्या वर-खाली बारीक पांढरे काठ दिसतात. हा हाडातला बोगदा. खालच्या ओठाला आणि दातांना जाणीव देणारी शीर यातून जाते. खालची अक्कलदाढ काढायची असते तेव्हा डॉक्टर फोटो कशासाठी मागतात? मुळे या कालव्याला किती जवळ आहेत, हे पाहण्यासाठी. शिरेला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो. तेव्हा "साधी दाढ काढायची, फोटो कशाला?" असे म्हणू नका.

ही शीर पुढे येऊन एका छिद्रातून हाडाबाहेर पडते. बहुतेकांत हे छिद्र सुळ्यामागच्या दोन उपदाढांच्या मुळांच्या आसपास असते. फोटोत ते वाटाण्याएवढे किंवा त्याहून लहान, गोल काळे दिसते. कधी कधी ते नेमके उपदाढेच्या मुळाच्या टोकावर येऊन बसते. मुळाच्या टोकाशी पू झाला की तिथले हाड विरघळून तसेच गोल काळे दिसते. म्हणजे दोघांचा चेहरा सारखाच! एक निसर्गाचे दार, दुसरे रोगाचे घर. यातला फरक ओळखला नाही, तर ठणठणीत उपदाढ गमवावी लागते, किंवा तिच्या मुळाचा विनाकारण उपचार होतो.

पुढच्या दातांच्या खाली, अगदी मध्यावर, एक बारीक काळा ठिपका आणि त्याभोवती पांढरे कडे दिसते. तिथे जिभेचे स्नायू हाडाला चिकटतात आणि मधल्या छिद्रातून रक्तवाहिनी जाते. दाढांच्या खाली एक रुंद, धूसर काळा प्रदेश दिसतो. तिथे हाडाला आतून खोलगट जागा आहे आणि लाळेची एक ग्रंथी तिथे टेकते. हाड पातळ, म्हणून काळे.

वरचा जबडा याहून फसवा आहे, कारण त्याच्या शेजारी नाक आहे आणि गालाच्या आत हवेची खोली आहे. वरच्या दाढांच्या मुळांवर एक मोठा काळा प्रदेश दिसतो, त्याला कमानदार पांढरी बारीक कड असते. हे सायनस. ही हवेची पोकळी आहे आणि ती प्रत्येकाला असते. मुळे जणू तिच्यात घुसलेली भासतात. पण काठ्यांच्या सावल्या आठवा, ती बहुधा पुढे किंवा मागे असतात. "गालात एवढी मोठी गाठ!" म्हणून घाबरलेली माणसे बहुधा हिलाच पाहत असतात. बरं, या शेजाराचा आणखी एक परिणाम आहे. सर्दी या पोकळीत उतरली की वरच्या दाढा दुखल्यासारख्या वाटतात. दुखणे सायनसचे, आणि बिचारी शिक्षा दाढेला!

वरच्या पहिल्या दाढेच्या जवळपास नालेसारखा एक पांढरा आकार दिसतो. तो गालाच्या हाडाचा पाया. पुढच्या दोन मोठ्या दातांच्या मुळांमध्ये अंड्याच्या आकाराचा काळसर डाग दिसतो, ते टाळूकडे जाणाऱ्या शिरेचे छिद्र. हा डाग एक सेंटिमीटरच्या वर गेला, तर मात्र डॉक्टर अधिक तपास करतात. त्याच दोन दातांमधून वर जाणारी सरळ काळी रेघ म्हणजे हाड मोडल्याची खूण नव्हे. टाळूची दोन्ही अर्धी जिथे जुळतात तो तो सांधा. मुलांत तो विशेष स्पष्ट दिसतो.

मुलांचा विषय निघालाच आहे, तर शिक्षकांनी आणि आयांनी इकडे कान द्यावा. सहा-सात वर्षांच्या मुलाचा फोटो पाहिला तर जबड्यात दातांच्या दोन रांगा दिसतात. एक तोंडात, दुसरी हाडात. काही आया रडू लागतात, "माझ्या लेकराला हे काय झालं?" काही झालेले नाही, माउली. दुधाचे 20 दात वर आहेत आणि कायमचे दात खाली वाट पाहत आहेत. न उगवलेल्या दाताच्या टोपीभोवती काळे वलय दिसते. ती त्याची पिशवी. दुधाच्या दाढेच्या पायांमध्ये ती कोंबडीखालच्या अंड्यासारखी बसलेली असते. कायमचा दात वर येऊ लागला की दुधाच्या दाताचे मूळ विरघळत जाते. फोटोत ते अर्धेच दिसते. ती झीज रोगाची नव्हे, ती पाहुण्याला दिलेली वाट आहे.

सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे एक दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडलेला नसतो, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी "पडेल आपोआप" म्हणून सोडून देतात. ती कायमची आहे, बरं का! तिच्या मुळाचे टोक पुढे सुमारे तीन वर्षे उघडे असते, आणि फोटोत त्या टोकाशी काळा गोल दिसतो. तिथे मूळ अजून घडते आहे. तो पू नव्हे. कुंभाराच्या चाकावरच्या मडक्याला तोंड राहिले म्हणून आपण ते फुटले असे म्हणत नाही.

आता तुम्ही विचाराल, "मग खरे आणि फसवे ओळखायचे कसे?" त्याच्या चार कसोट्या आहेत.

पहिली, त्या दोन रेघांची. काळा डाग मुळाच्या टोकावर दिसतो, पण त्यातूनही काळी आणि पांढरी रेघ टोकाभोवती अखंड फिरलेली दिसते का? दिसत असेल, तर डाग दाताचा नाही. पुढचे किंवा मागचे काहीतरी त्यावर पडले आहे.

दुसरी, कोन बदलण्याची. इथे काठ्यांचा प्रयोग कामी येतो. यंत्र थोडे बाजूला सरकवून दुसरा फोटो घेतला आणि डाग मुळावरून बाजूला सरकला, तर ते छिद्र. दोन्ही फोटोंत तो मुळाच्या टोकाला चिकटूनच राहिला, तर रोगाचा संशय बळावतो.

तिसरी, दुसऱ्या बाजूची. शरीर बहुधा उजवे-डावे सारखे घडलेले असते. उजव्या उपदाढेजवळ डाग आहे, तसाच डावीकडेही असेल, तर तो बहुतकरून जन्मजातच.

चौथी, खुद्द दाताची. दाताला थंड लागते का? ठोकले तर दुखते का? मोठी कीड आहे का? हिरडीला फोड आहे का? टोकाशी पू झालेला दात बहुधा आतून मेलेला असतो आणि त्याला थंड कळत नाही. ज्या दाताला कीड नाही, मार लागलेला नाही आणि थंड व्यवस्थित कळते, त्याच्या टोकाशी काळे दिसले म्हणून लगेच त्याला दोषी धरू नये.

पण श्रोतेहो, नाण्याला दुसरी बाजूही आहे. फोटो स्वच्छ आला म्हणून दुखणे अंगावर काढू नका. हाडातील खनिजाचा जवळजवळ तिसरा हिस्सा ते निम्मा भाग नाहीसा होईपर्यंत बिघाड फोटोत नीट दिसतच नाही. म्हणजे रोग आधी येतो आणि फोटो मागून. तेव्हा सूज, पू, कारण नसता हलू लागलेला दात, ओठाला आलेला बधिरपणा, किंवा दोनतीन आठवड्यांत न भरलेले तोंडातले चट्टे, यांपैकी काही असेल, तर फोटोत काही नाही म्हणून घरी बसू नका. तंबाखू खाणाऱ्यांनी तर मुळीच बसू नये.

"या किरणांचा त्रास होत नाही ना?" असे पुष्कळ जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी 1896 पासून हे काम केले. यंत्र जुळवताना ते पुन्हा पुन्हा स्वतःचाच हात किरणांत धरीत. पुढे त्यांची बोटे, मग हात, असे एकेक कापावे लागले. 1928 साली ते वारले. त्या अनुभवातून पुढची पिढी शहाणी झाली. आज एका लहान फोटोत मिळणारी किरणांची मात्रा, जमीन आणि आकाश यांतून आपल्याला एका दिवसात आपोआप मिळणाऱ्या मात्रेच्या आसपासच असते. आपल्या देशात अशा यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. 1983 साली स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्य कार्यालय मुंबईतच आहे. डॉक्टर फोटो घेताना दूर उभे राहतात, ते धोका लपवण्यासाठी नव्हे. तुमचा फोटो वर्षातून एखादा. त्यांना रोज कित्येक काढायचे असतात. मात्र गरज नसता फोटो काढू नये, आणि बाई गरोदर असेल तर तिने ते आधी सांगावे.

तेव्हा एवढे करा. आपला फोटो जपून ठेवा. तारीख आणि कोणत्या बाजूचा ते पाकिटावर लिहून ठेवा. पुढे कधी शंका आली, तर जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून पाहता येतो. पाच वर्षांपूर्वीही तेवढाच असलेला डाग आणि सहा महिन्यांत वाढलेला डाग, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. आणि दात काढायचा ठरला, तर डॉक्टरांना शांतपणे विचारा, "हे काळं दिसतंय ते छिद्र तर नाही ना? दुसऱ्या कोनातून पाहिलंत का? दाताला थंड लावून पाहिलंत का?" चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नांचा राग येत नाही. उलट, समोरचा माणूस समजून घेऊ पाहतो आहे, याचे त्यांना बरेच वाटते.

काळे दिसले की भिऊ नका, पांढरे दिसले की गाफील राहू नका. आधी निरोगी जबडा ओळखा, मग रोगाला नाव द्या.